दोन एकर राहू द्या, आधी घोडी दाखवा

नाना, नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातला, वय ३१. बारावीनंतर शिक्षण सोडलं. नऊ वर्षांपासून मंडप आणि केटरिंगचा धंदा आहे, लग्नसराईत एका तिथीला तीन-तीन मंडप उभे करतो. माझा शाळेतला मित्र दिग्दर्शक आहे, त्याने दोन शॉर्ट फिल्म केल्या आहेत. आता त्याने सिनेमा लिहिलाय. दहा वर्षांचा पोरगा आणि सारंगखेड्याच्या यात्रेत विकली गेलेली त्याची घोडी, अशी गोष्ट. मूळ कथा आमच्याकडच्या एका शिक्षकांची, दिवाळी अंकात आलेली. ते तोंडी 'घ्या' म्हणालेत. शेवटी बहिणाबाईंचं गाणं टाकायचंय. बजेट ६० लाख. मामा २५ लाख द्यायला तयार आहेत, घरात रोख आहेत. वडील म्हणतात, बाकीच्यासाठी केळीतले दोन एकर काढू. मुंबईचे एक गृहस्थ म्हणतात, 'तुम्ही फक्त पैसा लावा, निर्माता म्हणून तुमचं नाव येईल, बाकी आमच्यावर सोडा.' यशस्वी निर्माता व्हायला अंगात काय काय लागतं? कोर्स करू का? इंग्रजी कच्चं आहे, चालेल का?

– मंडपवाला, चोपडा तालुका

मंडपवाले भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, कारण ज्या गुणांसाठी तुम्ही कोर्स शोधताय त्यातले निम्मे तुमच्या गोडाऊनमध्येच पडलेत. दुसऱ्यांदा वाचताना 'दोन एकर काढू' इथे अडकलो. मी अमळनेरचा. आमच्या घरातही शेत काढायला एक सही पुरली, आणि ते परत घेणं आजवर कोणाला जमलेलं नाही. म्हणून ते आधीच सांगून टाकतो: शेत विकू नका. का, ते ओघात येईल.

मुंबईच्या गृहस्थांनी तुम्हाला जी जागा देऊ केलीय तिला धंद्यात फायनान्सर म्हणतात. तुमच्यामागे दुसरंही काही म्हणतात, ते इथे छापता येणार नाही. पैसा लावतो त्यालाच निर्माता म्हणायची आपल्याकडे सवय झालीय. मी प्रॉडक्शन बॉय म्हणून लागलो, पुढे कंट्रोलर, म्हणजे सेटवरची व्यवस्था आणि खर्च बघणारा झालो, आता लाइन प्रोड्यूसर म्हणून, म्हणजे निर्मात्याच्या वतीने सगळं शूटिंग सांभाळायचं काम करतो. एवढ्या वर्षांत मला दिसलेला निर्माता म्हणजे ज्याच्याकडे शेवटी सगळ्यांची बोटं वळतात तो माणूस. जेवण उशिरा आलं, कॅमेऱ्याचं भाडं थकलं, हिरोईनच्या गाडीचा ड्रायव्हर गायब झाला, थिएटरवाल्याने शो सकाळी नऊचा दिला, की सगळे त्याच्याकडे बघतात. 'बाकी आमच्यावर सोडा' म्हणणारा माणूस तुमच्याकडून नेमकं हेच काढून घेतोय. मग तुमच्याकडे उरतं काय? पोस्टरवरचं नाव आणि मामांना द्यायचं उत्तर.

आता तुमच्याकडे काय आहे ते बघू. लग्नाची तिथी पुढे ढकलता येत नाही. दोन हजारांची पंगत साडेबाराला बसणार म्हणजे बसणार. आचारी आदल्या रात्री पिऊन पडला, जनरेटर बसला, वरपक्षाकडची तीनशे माणसं जास्त आली, वादळाने मंडपाची एक बाजू उचलली, तरी पाहुण्याला पानात गरम वरण-बट्टी मिळते आणि मागे काय झालं ते त्याला कधी कळत नाही. शूटिंगचा दिवस याहून वेगळा नसतो. सत्तर माणसं, पाच-सहा गाड्या, एक जनरेटर व्हॅन आणि मावळायला निघालेला सूर्य. चोपड्यात कोणत्या आठवड्यात एकही गाडी भाड्याने मिळणार नाही, कापसाच्या वेचणीत गर्दीच्या सीनला माणूस का मिळणार नाही, मे महिन्यात अकरानंतर माणसं उन्हात उभी का राहणार नाहीत, हे तुम्हाला झोपेतही सांगता येईल. मुंबईचा कंट्रोलर हे सगळं इथे येऊन तुमच्याच पैशाने शिकतो.

आणि एक गोष्ट कोर्समध्ये येत नाही, ती म्हणजे शब्द. वाढप्यांचा हिशेब तुम्ही त्याच रात्री चुकता करता की 'पुढच्या तिथीला बघू' म्हणता, हे मला माहीत नाही. पण लाइटमन दादा, स्पॉट दादा, मेकअप, आर्टची पोरं हे सगळे एकमेकांना ओळखतात. ज्याचा पैसा वेळेवर येतो त्याच्यासाठी ते तासभर जास्त थांबतात. ज्याचा येत नाही त्याच्या सेटवर शिफ्ट संपायच्या ठोक्याला दिवे बंद होतात.

आता तुमच्याकडे जे नाही ते. तुमच्या धंद्यात गिऱ्हाईक आधी येतं, ॲडव्हान्स देतं, मग मंडप उभा राहतो. सिनेमात मंडप आधी उभा करायचा, स्वयंपाकही करून ठेवायचा, आणि मग रस्त्यावर जाऊन पाहुणे शोधायचे. निर्मात्याचं खरं कसब इथे आहे. मंडप उभा करणारे पुष्कळ बघितले, पाहुणे आणणारे फार थोडे.

आकडे मांडून बघू. तिकीट १५० रुपयांचं धरा. शंभराच्या वरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी, तो काढला की १२७ उरतात. पहिल्या आठवड्यात थिएटर साधारण निम्मे ठेवतं आणि पुढच्या आठवड्यांत तुमचा वाटा उतरत जातो. त्यातून वितरकाचं कमिशन वजा करा. तुमच्या हातात एका माणसामागे ५५ रुपये पडले तर नशीब. ६० लाख नुसते परत यायला एक लाख नऊ हजार माणसांनी तिकीट काढायला हवं. २०११ च्या जनगणनेत चोपडा शहराची लोकसंख्या पाऊण लाखाच्या आत होती. आणि तुमच्या ६० लाखांत पोस्टर, ट्रेलर, जाहिरात, थिएटरला प्रिंट पाठवण्याचा खर्च धरलेलाच नाही, हे मी पैजेवर सांगतो. तो २५ लाख धरला तर आकडा दीड लाख माणसांच्या वर जातो. टीव्ही चॅनल, ओटीटी यांच्याकडून काही आलं तर वरकमाई समजा. एकेकाळी सॅटेलाइटच्या, म्हणजे टीव्हीवर दाखवण्याच्या हक्कांवर निर्माते तरून जायचे. आज त्या भरवशावर बजेट मांडणं म्हणजे पाऊस पडेल म्हणून धूळपेरणी करणं.

मग हे दीड लाख लोक कोण? 'खान्देशातले सगळे' हे उत्तर चालणार नाही. धुळे-साक्रीकडची अहिराणी वेगळी, रावेर-यावलची लेवा बोली वेगळी, जामनेरकडे तावडी, शहाद्याकडे गुजर मंडळींची गुजरी, सातपुड्यात पावरी आणि भिली. पोरगा कोणत्या बोलीत बोलणार हा तुमच्या मित्राच्या दृष्टीने कलेचा प्रश्न आहे. तुमच्या दृष्टीने तो कोणत्या गावात किती खुर्च्या भरतील याचाही प्रश्न आहे. शिवाय आपल्याकडची विनोदी व्हिडिओ आणि अहिराणी गाणी यूट्यूबवर कोट्यवधी वेळा बघितली जातात, पण फुकट. फुकट बघणाऱ्याने १५० रुपये का काढावेत, याचं एका वाक्यात उत्तर तुमच्याकडे हवं. शेजारी मालेगावला नासिर शेख यांनी सायकलीवरून ट्रॉली शॉट आणि बैलगाडीची क्रेन करून सिनेमे काढले, ते सगळ्यांना माहीत आहे. पण हा माणूस आधी व्हिडिओ पार्लर चालवायचा, ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आपल्या गावचा प्रेक्षक कुठे शिट्टी मारतो आणि कुठे उठून चहाला जातो, हे त्याने रोज बघितलं होतं. तुम्हीही हळदीत कोणत्या गाण्याला पोरं पुन्हा पुन्हा 'वन्स मोअर' मागतात ते बघता. ते वाया घालवू नका.

आता स्क्रिप्ट. तुमचा मित्र ती गोष्ट म्हणून वाचतो, तुम्ही ती किराणा यादीसारखी वाचायला शिका. धंद्यात याला ब्रेकडाउन म्हणतात. पानाचे आठ भाग करायचे, प्रत्येक सीन किती अष्टमांश ते लिहायचं, आणि त्यापुढे माणसं, जागा, दिवस की रात्र, गाड्या, प्राणी, कपडे, सामान सगळं काढायचं. 'यात्रेच्या गर्दीत पोरगा घोडीला शोधत फिरतो' हे वाक्य पानाचा एक अष्टमांशही नाही, पण तुमच्या सिनेमातलं सगळ्यात महाग वाक्य तेच. दत्तजयंतीला तापीकाठी भरणारी यात्रा वर्षातून एकदा येते. ती तारीख हुकली तर एक वर्ष थांबा किंवा शेकडो माणसं, घोडे, पाळणे, दुकानं स्वतः उभी करा. म्हणजे शूटिंग तिथूनच सुरू करायला हवं. छोटं युनिट, दोन कॅमेरे, खरी गर्दी, आणि पोरगा तोवर निवडून, तयार करून ठेवलेला. उरलेला सिनेमा जानेवारी-फेब्रुवारीत. आकाश स्वच्छ असतं, ऊन कोवळं असतं, गहू-हरभरा उभा असतो, आणि तुमचा स्वतःचा धंदाही मे महिन्यासारखा अंगावर आलेला नसतो.

पोरगा आणि घोडी म्हटलं की सगळे 'वा' म्हणतात. मला मात्र कागद दिसतात. बालकलाकाराला कामावर घ्यायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसात पाच तासांच्या वर काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांच्या वर नाही, सलग २७ दिवसांच्या वर नाही. त्याच्या मानधनातले किमान २० टक्के त्याच्या नावे बँकेत मुदत ठेवीत जायला हवेत. जवळजवळ प्रत्येक सीनमध्ये पोरगा आहे, म्हणजे बारा तासांच्या शिफ्टमधले पाचच तास तुमच्या कामाचे. मित्राने २० दिवसांचं शेड्यूल मांडलं असेल तर ते २५ धरा. रोजचा खर्च समजा दीड लाख, तर या एका नियमाने साडेसात लाख वाढले. नियम चांगला आहे, पाळायलाच हवा. मी एवढंच म्हणतो की तो बजेटमध्ये दिसायला हवा. पोरगा कॅमेऱ्यासमोर नाही त्या तासांत घ्यायचे सीन मित्राकडून आत्ताच वेगळे काढून घ्या.

घोडीचं माझ्या स्वतःच्या चुकीवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मराठी सिनेमाचा मी कंट्रोलर होतो. पोळ्याचा सीन होता. गावातली देखणी खिल्लारी जोडी, शिंगांना बेगड, पाठीवर झूल, दिग्दर्शकाने जीव ओतून तो घेतला. प्राण्यांसाठी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी लागते आणि सेन्सॉरला त्यांचं ना-हरकत पत्र जोडावं लागतं, हे मला माहीत होतं. पण 'घरचेच बैल आहेत, कोण विचारतंय' म्हणून मी अर्जच केला नाही. सेन्सॉरने विचारलं. चार मिनिटं कापली गेली, आणि ती सिनेमातली सगळ्यात सुंदर चार मिनिटं होती. दिग्दर्शक दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. त्याचं बरोबरच होतं. तेव्हा घोडी, रस्त्यात उभं असलेलं कुत्रं, अंगणातला कोंबडा, सगळ्यांची यादी करा आणि यात्रेच्या बऱ्याच आधी अर्ज टाका.

आजोबांच्या तोंडात बिडी असेल तर सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर तंबाखूविरोधी इशारे येतात, बिडी दिसते तितका वेळ खाली पट्टीही चालते. बिडीशिवाय आजोबा उभे राहत असतील तर काढून टाका. सातपुड्याच्या जंगलात शिरायचं तर वन विभाग, स्टेशनवरचा सीन असेल तर रेल्वे, जुन्या संरक्षित मंदिरात जायचं तर पुरातत्त्व खातं. राज्याची एक खिडकी योजना आहे, पण खिडकीपाशी आधी जायला लागतं.

आता मास्तरांचं 'घ्या'. माणूस मोठ्या मनाचा आहे, पण तोंडी शब्दावर सिनेमा काढू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखी घ्यावे लागतात. कागदावर मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि दुसरं काही ठरवलेलं नसेल तर घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही की तो गळून पडतो. तुमचा सिनेमा वर्षात होणार नाही, कोणाचाच होत नाही. त्यामुळे हे तिन्ही मुद्दे मुद्दाम लिहून घ्या. मास्तरांना पैसे द्या, थोडे का होईना, आणि चेकने द्या. पडद्यावर त्यांचं नाव कुठे, केवढ्या अक्षरात येणार तेही ठरवा. मित्राशीही पटकथा-संवादांचा असाच करार करा. मैत्रीत कागद कशाला, असं तो म्हणेल. कागद मैत्रीसाठीच असतो.

बहिणाबाईंचं म्हणाल तर त्या डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या आणि कविता १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. साठ वर्षांची मुदत संपली, त्या पुस्तकातले शब्द मोकळे आहेत. पण लोकांच्या कानात बसलेली चाल ही संगीतकाराची वेगळी कलाकृती असते. तिचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, आणि ध्वनिमुद्रणाचा मालक आणखी तिसराच असतो. शब्द घ्या, चाल नवी बांधा. आसोद्याकडच्या एखाद्या आजीने जात्यावर म्हटल्यासारखी साधी चाल तुमच्या घोडीला जास्त शोभेल, हे माझं आपलं मत.

पैशाकडे येतो. मामांचे २५ लाख रोख घेऊ नका. २० हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि दंड घेतलेल्या रकमेएवढा होऊ शकतो. शेतकऱ्या-शेतकऱ्यांमधल्या व्यवहाराला सवलत आहे, पण धंद्यावर कर भरणारा मंडपवाला त्यात बसत नाही. मामांनी आधी ते पैसे सीएला विचारून रीतसर बँकेत आणावेत. सिनेमासाठी वेगळं खातं काढा. चेकवर तुमची सही हवीच. ते मुंबईचे गृहस्थ सोबत राहणार असतील तर त्यांना टप्प्याटप्प्याने पैसे द्या: शेड्यूल संपलं की इतके, एडिट लॉक झालं, म्हणजे कापाकापी पक्की झाली की इतके, सेन्सॉर झालं की इतके. सेन्सॉरच्या अर्जावर अर्जदार म्हणून कोणाचं नाव जातंय ते स्वतः वाचा. टायटलही स्वतःच्या बॅनरने नोंदवा. आणि रोज रात्री पॅकअपनंतर शूट केलेल्या मालाची एक हार्ड डिस्क तुमच्या घरी आली पाहिजे. घडाचं वजन शेतात उभं राहून करतो ना आपण? तसंच आहे हे.

मामांशीही लिहा. पैसे आले तर आधी कोणाचे फिटणार, नफ्यात वाटा किती, आणि बुडाले तर काय, हे तिन्ही. तिसरं वाक्य मामीसमोर वाचून दाखवा. मामी तरीही 'दे' म्हणाल्या तर ते पैसे खरे तुमच्याकडे आले असं समजा.

शेत का विकायचं नाही, ते आता कळलं असेल. सिनेमात बुडणं हे अपघातासारखं नसतं, उन्हाळ्यासारखं असतं. ते येणारच असं धरून घर बांधायचं. जेवढे गेले तरी ताटातली भाकरी हलणार नाही तेवढेच स्वतःचे लावा. नऊ वर्षांत मंडपाच्या धंद्यातून साठवलेलं काही असेल तर त्यातला एक भाग. केळीची बाग वादळाने झोपली तरी पुढच्या वर्षी त्याच जमिनीत पुन्हा लावता येते. जमीनच गेली तर काय लावणार?

बजेटमधला एक खड्डा सांगतो. शूटिंग संपलं की पैसे संपतात आणि सिनेमा एडिट टेबलावर पडून राहतो, असे किती सिनेमे मी बघितले याचा हिशेब नाही. डबिंग, पार्श्वसंगीत, साउंड, रंग दुरुस्त करणारा डीआय, शेवटी डीसीपी, म्हणजे थिएटरला जाणारी डिजिटल प्रत. या सगळ्याचे पैसे पहिल्याच दिवशी वेगळ्या मुदत ठेवीत टाका आणि पावती आईकडे द्या. दिग्दर्शक हात जोडून आला तरी मोडू नका. वर दहा टक्के अडीअडचणीसाठी.

दिग्दर्शक हात जोडून येणारच. तुमचा शाळेतला मित्र एके दिवशी संध्याकाळी साडेपाचला म्हणेल, 'यार, उद्या एक ड्रोन आणि पन्नास घोडे मिळाले तर सीन कुठल्या कुठे जाईल.' तेव्हा तुम्हाला नाही म्हणता आलं पाहिजे, आणि ते असं की दुसऱ्या दिवशी तो मन लावून काम करेल. नुसतं नाही म्हणणारा मुनीम होतो. 'पन्नास नाही जमणार, पाच घोडे देतो, धूळ भरपूर उडव, कॅमेरा खाली ठेव' असं म्हणणारा निर्माता. आणि कधीतरी उलटंही असतं. दिग्दर्शक बरोबर असतो, सीन खरंच त्या एका दिवसावर उभा असतो, तेव्हा दुसरीकडचे पैसे कापून तो दिवस द्यायचा. कुठे द्यायचं आणि कुठे कापायचं, हे ओळखायला सिनेमाची आवड लागते. ती तुम्हाला किती आहे, हे पत्रात कुठे दिसलं नाही. दिवसाला एक सिनेमा बघा, आणि बघताना हा सीन का ठेवला असेल असं विचारत बघा.

एक गोष्ट पुरुष निर्माते कायम विसरतात म्हणून इथेच घालतो. शेतात शूटिंग असेल तर बायकांसाठी दार लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह आणि रात्री घरी पोचवणारी गाडी पहिल्या दिवसापासून हवी. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर २०१३ च्या कायद्याने अंतर्गत तक्रार समितीही लागते. लग्नात वधूपक्षाच्या खोलीची तुम्ही जशी काळजी घेता, तशीच इथेही घ्या.

आता पुढे काय करायचं. आपल्या धंद्याचे मूळपुरुष दादासाहेब फाळके. त्यांनी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडन गाठलं आणि १९१२ मध्ये कॅमेरा आणला, हे सगळे सांगतात. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, साऱ्या युनिटचा स्वयंपाक केला, उन्हात पांढऱ्या चादरी धरल्या, कोऱ्या फिल्मला भोकं पाडली, हेही आता सांगू लागलेत. केटरिंगवाल्या माणसाने त्यातला स्वयंपाक लक्षात ठेवावा. पण मला आवडते ती मधली गोष्ट. पैसे लावणारा मिळेना, तेव्हा फाळक्यांनी कुंडीत मटार लावला आणि तो उगवून वेल वाढेपर्यंत महिनाभर थोडं थोडं चित्रीकरण केलं. मिनिट-दीड मिनिटाची ती फिल्म त्यांनी सावकाराला दाखवली. दाणा फुटताना दिसला आणि पैसे आले. ३ मे १९१३ ला त्यांचा पहिला सिनेमा मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला. पुढे १९१८ च्या सुमारास त्यांनी पाच भांडवलदारांबरोबर कंपनी काढली, भागीदारांशी पटेना, आणि वैतागून ते काशीला निघून गेले. मामांशी करार करताना हेही आठवा.

तुमचं मटाराचं रोप म्हणजे ती घोडी. येत्या दत्तजयंतीला तीन दिवस, पंधरा माणसं, एक पोरगा, एक घोडी. बारा मिनिटांची फिल्म, खर्च तीन-चार लाखांच्या वर जाऊ द्यायचा नाही. परवानग्या सगळ्या रीतसर, कारण सरावही तोच करायचा आहे. ब्रेकडाउन तुम्ही स्वतः वहीत काढा, रोजचं व्हाउचर स्वतः लिहा. मग ती फिल्म मंडपाच्या पडद्यावर चोपड्यात, शहाद्यात, सावद्याला दाखवा. वीस रुपये तिकीट लावा, फुकट दाखवू नका. किती जण वीस रुपये काढतात आणि कुठे मोबाइल बाहेर काढतात ते मागे उभं राहून बघा. चांगली झाली तर महोत्सवांना पाठवा, गोव्यात नोव्हेंबरमध्ये भरणाऱ्या फिल्म बाजारात घेऊन जा. तिथे पैसेवाले, वितरक, परदेशी महोत्सवांची माणसं एका छपराखाली भेटतात. नाही झाली तर तीन लाखांत शहाणपण आलं. मित्राबरोबर तुमचं जमतं की नाही, हेही त्या तीन दिवसांत कळेल.

कोर्सचं म्हणाल तर पुण्याच्या एफटीआयआयचे, म्हणजे सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटचे छोटे अभ्यासक्रम असतात, वेळ मिळाला तर एखादा करा. पण त्याआधी दुसऱ्याच्या सिनेमात एक अख्खं शेड्यूल प्रॉडक्शन असिस्टंट म्हणून राबून या, पहाटे चारला युनिटच्या गाड्या सोडण्यापासून. चातुर्मासात तुमचा धंदा थंड असतोच. इंग्रजीची चिंता नको. करार मात्र समजल्याशिवाय सही करू नका, वकिलाकडून मराठीत समजावून घ्या आणि न कळलेलं वाक्य तीनदा विचारा. तीनदा विचारल्यावर जो चिडतो त्याच्याशी करार करू नका.

यात्रेच्या तारखेवरून उलटे दिवस मोजा आणि प्राण्यांच्या परवानगीचा अर्ज या आठवड्यात टाका.

तुमचा,
नाना

ता. क. : युनिटच्या जेवणाचं कंत्राट तुम्ही स्वतःच्याच केटरिंगला देणार, हे उघड आहे. सत्तर माणसं, दरडोई रोज ४०० रुपये, २५ दिवस, म्हणजे सात लाख होतात. तो दर आधी लिहून मामांना दाखवा आणि त्यांची सही घ्या. आणि रोज शेवभाजी देऊ नका, चौथ्या दिवशी निम्मं युनिट आडवं होतं.